स्ट्रुअन हॅडोचे शंभर सामने

निष्ठा हा सद्गुण मानवजातीला फार प्राचीन काळापासून माहीत आहे, आणि तो दुसऱ्यात असावा याबद्दल आजवर कोठेही मतभेद झालेला नाही.

आमच्या पोर्ट गार्वी गावात तर निष्ठेचा फळाच आहे. पोर्ट गार्वी रोव्हर्स फुटबॉल क्लबाच्या मैदानात शिरलं, की खेळाडूंच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात डाव्या हाताला ओकच्या लाकडाचा फळा दिसतो. क्लबाकडून शंभर सामने खेळलेल्यांची नावं त्यावर सोनेरी रंगात लिहिलेली आहेत. मी या क्लबाचा मानद चिटणीस. सव्वीस वर्षं इतिवृत्तं लिहितो आहे. त्यामुळे पुढील मजकुरात काही चुकीचं आढळल्यास ते सर्वानुमते मंजूर झालेलं आहे असं समजावं.

स्ट्रुअन हॅडो आमच्याच गावचा. त्याची आई आयसा मैदानाच्या कोपऱ्यातल्या टपरीत खिमा भरलेल्या गरम ब्रायडी आणि कपातून कढण विकते. पोरगा सतराव्या वर्षी आमच्याकडून खेळू लागला. उंच, हाडकुळा, कान बाहेर आलेले, आणि चेंडू नेमका कुठे पडणार हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळायचं. (हा दोष आमच्या इतर खेळाडूंत नव्हता.) वीस वर्षांचा होईपर्यंत तो अठ्ठ्याऐंशी सामने खेळला आणि त्यानं एकेचाळीस गोल केले.

त्याच वर्षी लीगनं फर्मान काढलं, की मैदानावर फ्लडलाइट नसतील तर क्लबाला वगळण्यात येईल. हिवाळ्यात आमच्याकडे दुपारी साडेतीनला अंधारतं. दक्षिणेकडच्या एका मोठ्या क्लबाकडे चार जुने दिव्यांचे खांब पडून होते, आणि त्यांना स्ट्रायकर हवा होता. आमचे चेअरमन हेक्टर ड्रायस्डेल यांचं गालिच्यांचं दुकान आहे. कोणती वस्तू कशी कापावी याची त्यांना उपजत जाण आहे. सोमवारी ठराव झाला. बुधवारी खांब आले आणि ज्या ट्रकमधून आले, त्याच ट्रकमधून स्ट्रुअन गेला. ड्रायव्हरला रस्ता माहीत होता, हे त्यातलं सोयीचं.

पुढच्या शनिवारी त्या दिव्यांच्या लख्ख उजेडात आमचे प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी स्ट्रुअनच्या नावानं पंधरा मिनिटं शिमगा केला. गाव सोडून गेला होता ना तो! पहिल्या रांगेत आर्ची लम्सडेन बसतो, निवृत्त पोस्टमन आहे. तो ओरडला, "दिव्यासाठी आई विकशील रे!" यात कोणी कोणाला विकलं होतं याबद्दल थोडा तपशिलाचा घोळ होता, पण आवाज दणदणीत होता. आयसा टपरीतून ऐकत होती. तिनं आर्चीला त्या दिवशी कढण थंड दिलं. आमच्या गावात याला निषेध म्हणतात.

त्यानंतर अठरा वर्षांत स्ट्रुअन सतरा क्लबांतून खेळला. स्कॉटलंडमध्ये अकरा, बाहेर सहा. माल्टात त्याचे कान भाजले. फिनलंडमध्ये गोठले. 'डावीकडे दे' हे वाक्य तो सहा भाषांत बोलू शकतो, आणि सहाही भाषांत त्याला चेंडू उजवीकडेच मिळाला. लोक त्याला 'बॅगवाला' म्हणू लागले. मी चिटणीस या नात्यानं त्याच्या प्रस्थानांचं वर्गीकरण करून ठेवलं आहे: दहा वेळा क्लबानं काढलं. चार वेळा अदलाबदल झाली (त्यांपैकी एकदा गवत कापायच्या यंत्राशी, यंत्र अजून चालतं). दोन वेळा क्लबच बुडाला. आणि एकदा, फक्त एकदा, तो स्वतःहून निघाला. वडील शेवटच्या आजारात होते, आणि त्या क्लबापासून इस्पितळ नऊ तासांवर होतं. ही एक वेळ पोर्ट गार्वीत सगळ्यांना पाठ आहे. "बघा, शेवटी गेलाच ना तिथूनही!" हा दाखला आमच्याकडे आजही देतात.

अडतिसाव्या वर्षी, जानेवारीत, तो परत आला.

आम्ही तळाला होतो. तळाचा क्लब लीगमधून बाहेर जातो, आणि बाहेर गेलेला क्लब सहसा परत येत नाही. आमचे दोन्ही स्ट्रायकर जायबंदी होते. एकाचा घोटा गेला होता, दुसऱ्याचा आत्मविश्वास. चेअरमननी आयसाच्या टपरीवर जाऊन टोपी काढली. मी शेजारी होतो.

"आयसा, तुझा मुलगा सध्या काय करतो?"

"का? आणखी खांब हवेत?"

"गावाला गरज आहे त्याची."

"गावाला!" आयसा म्हणाली. "हेक्टर, अठरा वर्षं मी या टपरीत उभी राहून माझ्या पोराच्या नावानं शिव्या ऐकते आहे. तो फिनलंडमध्ये असताना इथं शिव्या चालू. मला कळेना, त्याच्यापर्यंत पोचणार कशा? मग कळलं, त्याच्यासाठी नव्हत्याच त्या. माझ्यासाठीच होत्या."

"लोक प्रेमानं बोलतात गं," चेअरमन म्हणाले.

"ब्रायडी घे आणि चालू लाग," आयसा म्हणाली. पण त्याच संध्याकाळी तिनं मुलाला फोन केला.

स्ट्रुअन आला तेव्हा त्याचा उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरायचा. त्यानं कशाचीही मागणी केली नाही. सरावानंतर मात्र मी त्याला बोळात फळ्यासमोर उभा असलेला पाहिला. शेवटच्या नावाखाली जी रिकामी जागा होती, तिच्यावरून तो बोट फिरवत होता.

"मर्डो, माझे अठ्ठ्याऐंशी झालेत ना?"

"वहीत तसंच आहे," मी म्हणालो.

"म्हणजे बारा हवेत. हंगामात चौदा उरलेत." तो जरा लाजल्यासारखा हसला. "सतरा क्लबांत माझं नाव कपाटावर चिकटपट्टीनं लावलेलं असायचं. निघताना मीच सोलून काढायचो, पुढच्याला त्रास नको म्हणून. एकदा तरी रंगानं लिहिलेलं बघायचंय. आईलाही दाखवायचंय. तुम्हाला हसू येईल."

मला हसू आलं नाही. चिटणिसाला येऊ नये.

तो दोन सामन्यांत गुडघ्यामुळे बसला. बाकी खेळला. पळायचा कमी, पण चेंडू पडायचा तिथं आधीच उभा असायचा. पहिल्या सामन्यात त्याच्या नावानं हुर्यो झाली, तिसऱ्यात थोडी कमी, पाचव्यात त्यानं दोन गोल केले तेव्हा आर्ची लम्सडेननं जाहीर केलं, की आपण ओरडत होतो ते रेफरीला. मार्चअखेर आम्ही तळापासून एक पायरी वर होतो. एप्रिलमध्ये पुन्हा तळाला. शेवटचा सामना उरला. जिंकलो तर लीगमध्ये, नाहीतर बाहेर. आणि तो स्ट्रुअनचा शंभरावा होता.

त्या शनिवारी सकाळी कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. विषय एकच: फळा. चेअरमन गंभीर होते. फळ्यावर त्यांच्या मेहुण्याचं नाव आहे. एकशे तीन सामने, दोन गोल, दोन्ही आपल्याच जाळ्यात. पण गाव कधी सोडलं नाही. (कोणी नेलंच नाही, हा मुद्दा सभेत उपस्थित झाला नाही.) "अशा माणसांच्या खाली," चेअरमन म्हणाले, "सतरा दारं फिरलेल्याचं नाव लिहायचं? उद्या पोरांनी कोणता आदर्श घ्यायचा?"

"पण तो गेला नव्हता, आपण पाठवलं होतं," खजिनदार म्हणाला. नवीनच होता तो.

"पाठवल्यावर जायचं की नाही, हे माणसाच्या निष्ठेवर असतं," चेअरमन म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. खजिनदारानंही हलवली, लवकर रुळला.

उपकलम सात (ब) मी तिथेच लिहिलं. 'सदर फळ्याकरिता सामन्यांची गणना अखंड सेवेच्या आधारे करण्यात येईल. क्लब सोडण्यापूर्वीचे व परतल्यानंतरचे सामने एकत्र धरले जाणार नाहीत.' अठ्ठ्याऐंशी आणि बारा, दोन्ही आकडे शंभराहून कमी आहेत. हे गणित कोणीही तपासून पाहावं. ठराव सर्वानुमते मंजूर. एकाग्रता भंगू नये म्हणून खेळाडूला सामन्यानंतर कळवावं, असंही ठरलं. माणुसकी म्हणून हे शेवटचं वाक्य मी सुचवलं होतं.

सामना वाईट झाला. समुद्रावरून वारा असा येत होता, की आमच्या गोलकीपरनं मारलेला चेंडू त्याच्याकडेच परत यायचा. सत्तर मिनिटांपर्यंत शून्य-शून्य. पंचाहत्तराव्या मिनिटाला स्ट्रुअन पडला, गुडघा धरून. मॅनेजरनं बदली खेळाडूला उभं केलं. स्ट्रुअननं बसल्याबसल्या बोट हलवून 'नाही' म्हटलं. पहिल्या रांगेतून आर्ची ओरडला, "काढा त्या म्हाताऱ्याला! शंभर मोजत बसलाय स्वतःचे!"

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. चेंडू वाऱ्यानं वळून सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, आणि गोलच्या लांबच्या खांबापाशी, जिथं कोणीच असायचं कारण नव्हतं, तिथं स्ट्रुअन एका पायावर उभा होता. चेंडू त्याच्या कानावर बसला आणि आत गेला.

पुढचं काय सांगू? तीन हजारांचं गाव एकदम मैदानात उतरलं. स्ट्रुअनला खांद्यावर घेतलं. आर्ची लम्सडेन रडत होता, खराखुरा, नाक पुसत. "आपलं पोरगं!" तो दिसेल त्याला सांगत होता. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, आपलंच पोरगं!" आयसा टपरीचं झाकण तसंच उघडं टाकून धावत आली होती. तिनं मुलाचा लाल झालेला कान धरला आणि लहानपणी ओढत असेल तसा ओढला. दोघंही हसत होते.

मग तो चिखलाच्या बुटांनी, आईचा हात धरून, बोळात आला. मी फळ्यापाशीच पाकीट घेऊन उभा होतो. पाकिटात दोन पत्रं होती. पहिल्यात उपकलम सात (ब). दुसऱ्यात त्याच्या निष्ठापूर्वक सेवेबद्दल आभार आणि पुढल्या हंगामात त्याची गरज नसल्याची सूचना. दोन्ही पत्रं एकत्र दिल्यानं कागदाची बचत होते.

त्यानं उभ्या उभ्या वाचलं. पहिलं पत्र दोनदा वाचलं.

"मर्डो, पेन आहे?"

मी दिलं. मला वाटलं, पोच लिहून देतो आहे. मजकूर मी हातानं लिहिला होता, पण माथ्यावरचं नाव आमच्या कचेरीतल्या यंत्रानं 'स्ट्रुअन हॅडॉक' असं छापलं होतं. हॅडॉक हा मासा आहे. आमच्या बंदरात रोज टोपल्यांनी उतरतो, त्यामुळे यंत्राला तो जास्त परिचयाचा. स्ट्रुअननं शेवटची दोन अक्षरं नीट खोडली, वर 'डो' लिहिलं, आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं. पेन परत दिलं. तो निघाला, पायऱ्यांपाशी त्याचा गुडघा कुरकुरला.

आयसा मात्र थांबली.

"हे तू लिहिलंस?"

"ठराव सर्वांचा आहे, आयसा. मी फक्त शब्दांकन केलं."

"अक्षर चांगलं आहे तुझं," ती म्हणाली. तिनं एप्रन सोडला, घडी घातली, आणि माझ्या हातात दिला. "ब्रायडी भट्टीत आहेत. करपतील, बघ."

त्या करपल्या. निष्काळजीपणाबद्दल तिच्याविरुद्ध नोंद करावी लागली.

स्ट्रुअन उन्हाळ्यात अठराव्या क्लबात गेला, उत्तरेकडच्या एका बेटावर. तिथं सामन्याआधी मैदानातून मेंढ्या हाकलाव्या लागतात. ऑक्टोबरमध्ये चषकाची सोडत निघाली आणि तो क्लब नेमका आमच्याच मैदानावर आला. बेटावरून बोटीनं अकरा प्रेक्षक आले होते. बारावी आयसा. पाहुण्यांच्या बाकावर, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसली होती.

आम्ही तेवीसशे होतो. स्ट्रुअन मैदानात येताच जी हुर्यो उठली, तशी मी सव्वीस वर्षांत ऐकली नव्हती. लीगमध्ये टिकल्यापासून लोकांच्या आवाजात दम आला होता. आर्ची लम्सडेननं खास फलक रंगवून आणला होता: 'गद्दार'. रंग सोनेरी होता. दुकानात तोच शिल्लक असेल. आयसाकडे बघून तो मला म्हणाला, "बघितलंस? आईसुद्धा तसलीच निघाली."

त्या सामन्यात स्ट्रुअननं आमच्यावर एक गोल केला. हात वर केले नाहीत, धावला नाही, कोणाकडे बघितलंही नाही. खाली वाकून मोजा वर ओढला आणि मधल्या रेषेकडे चालू लागला. हा उद्दामपणा लोकांना फार झोंबला.

आता तुम्हाला त्याची कणव आली असेल. आमच्याबद्दल काय वाटतं, तेही मला कळतं. तेव्हा विनंती अशी, की एखाद्या शनिवारी अवश्य या. पहिल्या रांगेत जागा आहे. आर्ची सरकून घेईल. ऐंशी मिनिटं होतील, वारा बोचू लागेल, आपला संघ हरत असेल, आणि समोरचा एखादा थकलेला माणूस उठायला दोन क्षण जास्त लावेल. तेव्हा तुमच्या तोंडून काय निघतं, ते आपण सगळे मिळून ऐकू. लाजायचं काही कारण नाही. आम्हीही सगळे पहिल्यांदा टाळ्या वाजवायलाच आलो होतो.