अल्बिनाचा डावा हात

"साठ म्हणजे साठ," लाडिस्लाव कुबिचेकनं चर्चच्या आवारात सगळ्यांना बजावलं. "एकसष्ट नाही की एकोणसाठ नाही. क्रूझ कंट्रोलचं बटण दाबलं की माझी गाडी धरलेला वेग सोडत नाही. तुम्ही फक्त मागे मागे या. दहा चाळीसला होर्कीच्या टेकडीवर उतरवतो."

"बघू," लिओनार्ड स्काला म्हणाला. तो एकोणीस वर्षं मंडळाचा कॅप्टन होता. यंदा डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून पहिली जागा लाडिस्लावला देऊन तो दुसऱ्या गाडीवर आला होता, आणि दुसऱ्या गाडीवरून जगाकडे बघायची त्याला अजून सवय झाली नव्हती.

ब्रेझिना गावच्या चर्चचं हे मोटारसायकल मंडळ. बावीस गाड्या, सगळ्या लांबच्या प्रवासाच्या, सोफ्यासारख्या सीटच्या, आणि चालवणारे सगळे पेन्शनीतले. अमेरिकेतल्या नेब्रास्कात मका पिवळा पडायला लागला की वर्षातून एकदा हे लोक पंच्याहत्तर मैलांवरच्या होर्कीला, टेकडीवरच्या मरियामातेला जातात. तिथे वर्षातून एकच मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, होते, अकराला. फादर झेलेंका घंटा वाजवायला लावतात ती अकराच्या ठोक्यालाच. कोण आलं नि कोण राहिलं हे ते बघत नाहीत.

बायका आजवर यात नव्हत्या. त्या घरी खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, भाजायच्या आणि नवरे परत आले की धुळीचे कपडे धुवायच्या. पण यंदा लाडिस्लावच्या मागच्या सीटवर त्याची बायको अल्बिना बसली होती. का, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये लाडिस्लावच्या हृदयाची बायपास झाली. चार तास अल्बिना दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती. तिथे ती नवस बोलली. आधी तिच्या मनात गोड सोडायचं आलं होतं. पण गोड ती तशीही फारसं खात नसे, आणि जे आपल्याला जड जात नाही ते देवापुढे ठेवायचं म्हणजे भांडंभर पाणी देऊन दुधाचं पुण्य मागायचं. म्हणून तिनं सगळ्यात जड तेच काढून दिलं. 'हा पुन्हा गाडीवर बसला, तर मी मागे बसून होर्कीला येईन, पहिल्या घंटेला हजर असेन, आणि घराच्या दारापासून तुझ्या वेदीपर्यंत गाडीच्या वेगाबद्दल एक शब्द काढणार नाही.'

हा नवस केवढा मोठा, हे लाडिस्लावलाच विचारावं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला शेजारी बसवून चालवलेल्या एकाही वाहनाचा वेग तिला पसंत पडला नव्हता. एकदा कापणीच्या यंत्रावर बसली होती, जे ताशी चार मैलांनी जातं, तेव्हाही ती म्हणाली होती, "एवढी घाई कशाला?"

नऊ वीसला मंडळ निघालं. हमरस्त्याला लागताच लाडिस्लावनं बटण दाबलं आणि उजवं मनगट सैल सोडलं. ऑपरेशनपासून त्या हाताला मुंग्या येत. म्हणूनच तर त्यानं ही क्रूझवाली गाडी घेतली होती, जुलैमध्ये, कॅनडातून.

अल्बिनानं त्याच्या खांद्यावरून वाकून काटा पाहिला.

सत्त्याण्णव.

तिनं पुन्हा पाहिला. काटा सत्त्याण्णववर खिळा ठोकल्यासारखा उभा होता. उजव्या हातातली जपमाळ तिनं मुठीत आवळली.

"बरी आहेस ना मागे?" हेल्मेटमधल्या माईकवरून लाडिस्लावनं विचारलं.

"बरी आहे."

"काही म्हणायचंय?"

"काही नाही."

लाडिस्लाव जरा चपापला. असं उत्तर त्याला आजवर मिळालं नव्हतं.

"एवढी घाई आहे का?" असं विचारलं तर ते वेगात मोडेल का, याचा अल्बिनानं एक मैलभर विचार केला. मोडलं असतं. "मका चांगला आलाय," ती म्हणाली.

"चांगला आलाय," तो म्हणाला, आणि आणखी काळजीत पडला.

तोंडाला कुलूप होतं, पण डावा हात मोकळा होता. अल्बिनानं तो बाजूला लांब केला आणि तळवा खाली करून हवेत दाबला, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसा. मोटारीत ती नवऱ्यापुढे असाच हात करायची. शेजारच्या आरशात त्याला दिसेल, असा तिचा हिशेब.

आरशात लाडिस्लावला तिचा हात दिसत नव्हता. त्यानं आरसे मागच्या गाड्यांवर लावले होते. हात दिसला तो मागच्यांना.

बावीस गाड्यांवर बावीस तऱ्हेचे रेडिओ, एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून मंडळ चालतं हाताच्या इशाऱ्यांवर. पहिल्या गाडीवरून इशारा आला की दुसरा तोच करतो, मग तिसरा, असा तो शेपटापर्यंत जातो. डावा हात बाजूला, तळवा खाली, हवा दाबायची, म्हणजे 'हळू व्हा'. अल्बिना कधी आली असती तर तिला हे ठाऊक असतं.

लिओनार्डनं इशारा पाहिला, हात दाबला, वेग पन्नासावर आणला. त्याच्या मागे वीस हात एकापाठोपाठ एक दाबले गेले.

लाडिस्लावनं आरशात पाहिलं तर माणसं मागे पडलेली. "काय म्हातारी खोडं झालीत," तो पुटपुटला. "साठही झेपत नाही." एकट्यानं पुढे जाणं कॅप्टनला शोभत नाही, म्हणून त्यानं बटणानं वेग उतरवला.

अल्बिनानं काटा पाहिला. ऐंशी. तिचे डोळे भरून आले. देव बोलल्याशिवायही ऐकतो, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, पण इतक्या लवकर ऐकतो हे तिला नवं होतं. ऐंशी तरी काय कमी होते? तिनं पुन्हा हवा दाबली.

लिओनार्ड चाळिसावर आला.

लाडिस्लावनं चौसष्टवर काटा आणला. अल्बिनानं मनातल्या मनात आभार मानले आणि हात चालू ठेवला. देणारा देतोय तोवर आपण का थांबायचं?

दहा वाजून गेले तेव्हा ब्रेझिनाचं मंडळ साठ मैलांच्या वेगात होर्कीला जायचं ते तिसाच्या वेगात एका सरळ, रिकाम्या, उत्तम रस्त्यावरून चाललं होतं. रिकामा म्हणजे पुढून. मागे रांग लागली होती. गवताचे भारे लादलेला एक ट्रॅक्टर त्यांच्या शेजारून पुढे गेला. शेतकऱ्यानं रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून रामराम केला. काटा अठ्ठेचाळीसच्या खाली घसरला आणि क्रूझ कंट्रोलनं अंग काढून घेतलं. इतक्या कमी वेगाला धरून ठेवायला ते यंत्र तयारच नव्हतं. लाडिस्लावच्या मनगटात मुंग्या आल्या.

"आज झालंय काय या सगळ्यांना?" तो माईकमध्ये म्हणाला. अल्बिना गप्प. हा प्रश्न वेगातच मोडत होता.

दहा पंचवीसला मागून पोलिसाची गाडी दिवे लावून आली.

पोलीस तरुण होता. त्यानं टोपी नीट केली. "कॅप्टन कोण?"

"मी," लाडिस्लाव म्हणाला.

"साहेब, हा पासष्टचा रस्ता आहे आणि तुम्ही तिसावर आहात. तुमच्या मागे अडतीस वाहनं आहेत. त्यात एक गुरांचा ट्रक आहे, आणि ती गुरं आता हंबरायला लागलीत."

"मी काय करू? मागचे थकले."

"आम्ही थकलो?" लिओनार्ड हेल्मेट काढत आला. "तूच सारखा 'हळू, हळू' करतोयस. एकोणीस वर्षांत मिळून मी एवढे इशारे दिले नाहीत. माझा खांदा भरून आला."

"माझे दोन्ही हात दांड्यावर होते."

"मग तो हात कुणाचा होता?"

सगळ्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं. हात अजून बाहेरच होता. अल्बिनानं तो मांडीवर घेतला.

"बाई, तुम्ही हात का हलवत होता?" पोलिसानं विचारलं. "गाडी फार वेगात आहे असं वाटलं?"

अल्बिनानं ओठ घट्ट मिटले.

"किती वेग असेल असं वाटलं?"

"तू मारेकांचा धाकटा ना?" ती म्हणाली. "आई बरी आहे?"

"बरी आहे. वेगाचं सांगा."

"तिच्यासाठी खसखशीचे कोलाचे देते थोडे."

लाडिस्लाव घाबरला. "ही अशी नाही हो. हिला वेगाचं विचारलं आणि ही गप्प बसली, असं बेचाळीस वर्षांत झालेलं नाही. डोक्यात काही झालं असेल तर?"

पक्षाघात ओळखण्याइतकं प्रशिक्षण पोलिसाला होतं. "बाई, जरा हसून दाखवा. आता दोन्ही हात वर करा."

अल्बिना हसली आणि तिनं हात वर केले. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मंडळींचे एकवीस डावे हात सवयीनं वर गेले.

"हात ठणठणीत आहेत," पोलीस म्हणाला.

शेवटी अल्बिना उतरली. नवस न बोलण्याचा होता, लिहिण्याचं त्यात काही नव्हतं. गाडीच्या पुढच्या काचेवर मेलेल्या किड्यांमधून जागा काढून तिनं धुळीत बोटानं लिहिलं: ९७.

लाडिस्लाव त्या आकड्याकडे बघत राहिला. मग काट्याकडे. मग बायकोकडे.

"किलोमीटर," तो म्हणाला. "अल्बिना, गाडी कॅनडाची आहे. काटा किलोमीटर दाखवतो. सत्त्याण्णव म्हणजे आपले साठ. जुलैत सांगितलं होतं तुला."

"जुलैत मी काकड्या बरणीत घालत होते," अल्बिना म्हणाली.

पोलिसानं वही मिटली. "मिस्सा किती वाजता?"

"अकराला."

"दहा बत्तीस झालेत. तीस मैल आहेत."

लिओनार्डनं मनात गणित केलं. "साठानं गेलो तर अकरा दोन."

 अल्बिनाचं तोंड उतरलं. पहिली घंटा चुकली की नवस गेला. आणि ती आपल्याच हातानं चुकवली होती.

लाडिस्लाव तिच्या तोंडाकडे बघत होता. हिचं काय बिघडतंय ते त्याला कळत नव्हतं, पण बिघडतंय एवढं कळलं.

"पासष्ट," तो हळूच म्हणाला.

"साठ म्हणजे साठ ना?" लिओनार्डनं टोमणा मारला.

लाडिस्लावनं हेल्मेट चढवलं. "तो हात मांडीखाली घे," त्यानं बायकोला सांगितलं.

अल्बिना आपल्या डाव्या हातावर बसली. काटा एकशे पाचवर गेला आणि तिथेच राहिला. तिनं डोळे मिटले. माळेचे मणी मात्र त्या दिवशी काट्याच्याही पुढे पळाले.

टेकडीवर गाड्या लागल्या तेव्हा चर्चचा सेवक घंटेच्या दोरीला हात घालत होता. पहिला ठोका पडला तेव्हा अल्बिना दारात होती. डावा हात बधिर होऊन लोंबत होता, पण गुडघे टेकायला त्याची गरज नसते.

वेदीपाशी पवित्र भाकर घेऊन दोघं परत बाकावर आली. नवस फिटला होता. लाडिस्लाव तिच्या कानाशी वाकला.

"एक कबूल करायचंय. मार्चमध्ये मला आत नेताना मी मरियामातेला शब्द दिला होता. वाचलो तर तुला मागे बसवून साठाच्या वर कधी जाणार नाही म्हणून. आज मोडला. पाच मैलांनी. तुझं तोंड बघवेना."

 अल्बिनानं आपलाही नवस त्याला सांगितला, व्हरांड्यातला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"आणि पाच मैलांचं मनाला लावून घेऊ नकोस," ती कुजबुजली. "पाच मैल म्हणजे काही वेग नव्हे. रस्ताही सरळ होता."

लाडिस्लाव वळून तिच्याकडे बघतच राहिला, जणू मरियामातेनंच त्याच्याकडे तपकीर मागितली होती. "हेच परत जाताना म्हणशील?"

अल्बिनानं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

"नवस इथपर्यंतचाच होता," ती म्हणाली.