राघोशेठ यांची प्रतिबंधात्मक अनुपस्थिती

शहापूरच्या बाजारपेठेतील खतविक्रेते राघोशेठ यांना स्थानबद्ध करण्यात आले, ते त्यांनी काही केले म्हणून नव्हे, तर करतील म्हणून. काळाबाजार रोखणाऱ्या कायद्याचे हेच मोठेपण आहे. आमच्या तालुक्यात फलकाफलकावर भावी आमदार आणि भावी सभापती लटकलेले असतात आणि जन्मभर भावीच राहतात. ज्याच्या भविष्यावर सरकारने एवढा विश्वास टाकला, असे राघोशेठ पहिलेच.

आदेशाला आधार हवा, म्हणून सापगावच्या धोंडीबाईचा गोपनीय जबाब घेतला होता. तिच्या जिवाला धोका नको, म्हणून कागदावर तिचे नाव 'साक्षीदार अ' ठेवले. मग सरकारी जीप गावच्या नाक्यावर थांबली आणि शिपायाने खणखणीत आवाजात विचारले, "गोपनीय साक्षीदाराचं घर कुठलं?" त्या दिवसापासून अख्खे गाव तिला 'अ मावशी' म्हणू लागले.

जबाब मात्र खरा होता. शेठ युरियाची गोणी दुप्पट भावाने देत आणि वर नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारत. शेठना उचलले, त्याच दिवशी त्यांच्या गोदामालाही सील ठोकले. शेठ आत, युरिया आत. बाहेर उरले धोंडीबाईचे भात. रोपांची आवणी उरकली होती आणि खताविना शेत हळदीच्या नवरीसारखे पिवळे पडत चालले होते. ती तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात गेली.

"साहेब, शेटला ठेवा आत, माजं काय म्हननं नाय. दोन गोन्या तेवढ्या सोडा."

"बाई, तो मुद्देमाल आहे," तिचा जबाब घेतलेले निरीक्षक म्हणाले.

"मुद्देमाल नाय, युरिया हाय. मी बघितलाय."

"सील तोडता येत नाही."

"जबाब घेताना तुमीच वाचून दाखवलं ना? काळाबाजार रोखने आनि पुरवठा राखने, असं नाव हाय कायद्याचं."

"नावात आहे," निरीक्षकांनी मोकळ्या मनाने कबूल केले. "पण कलमांत फक्त पकडणं आहे."

इकडे शेठच्या वकिलांनी वरच्या कोर्टात आदेशाला आव्हान दिले. शेठ निर्दोष आहेत, असे ते चुकूनही म्हणाले नाहीत. शेठनाही ते पटले नसते. त्यांचे म्हणणे एवढेच, की आदेशासोबत दिलेल्या झेरॉक्सचे एक पान पुसट आहे, त्यामुळे आपण पुढे नेमके काय करणार होतो, हे शेठना कळूच शकले नाही. शिवाय फाईल टेबलाटेबलावर विसावा घेत गेली होती.

"हा माणूस उद्याच काळाबाजार करणार होता," न्यायमूर्तींनी विचारले, "तर सही व्हायला अख्खा उन्हाळा का लागला?"

सरकारी वकील उठले. "सही होईपर्यंत तो करणार नाही, याची आम्हाला खात्री होती."

आदेश रद्द झाला. तिकडे अ मावशीने शेठच्या सुटकेसाठी गावदेवीला नारळ बोलला होता, तो फुटला.

बेंजोच्या तालावर शेठची मिरवणूक निघाली. पहिले औक्षण अ मावशीने केले आणि ताट खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, "आलास, बरं झालं. दोन गोन्या दे."

"तिप्पट पडतील, मावशी. वरचं कोर्ट सस्तात नाय होत."

"साक्ष माजी, कोर्ट तुजं, आनि पैसं पन मीच देऊ?"

"सुरवात कोनी केली गो?"

सील निघाले. आतला युरिया दगडासारखा झाला होता. फोडायची मजुरी वेगळी पडली. औषधाची बाटलीही आलीच. पण थोड्याच दिवसांत शेत हिरवेगार झाले आणि धोंडीबाई बांधावर उभी राहून आनंदाने रडली.

मग निरीक्षक पुन्हा आले. या वेळचा आदेश निर्दोष होणार होता, पानन् पान ठळक.

"नाव गोपनीय राहील, मावशी. शेठने जादा पैसे घेतले ना?"

धोंडीबाईने शेताकडे पाहिले. खताचा दुसरा हप्ता अजून टाकायचा होता.

"नाय बा. देवमानूस हाय. सरकारी भावानंच दिला."

धडधडीत खोटे! अशा अडाणी लोकांमुळेच काळाबाजार फोफावतो, असा शेरा निरीक्षकांनी मारला आणि आपल्यालाही तो पटेलच. आपली गोष्ट वेगळी. आपण शिकलेली माणसे. घरच्या कार्याला जादाचा गॅस सिलिंडर आणला होता, तो कुणाकडून आणि कितीला, हे आपण विचारताक्षणी सांगून टाकतो.

सांगा बघू.