पदर डोक्यावर म्हणजे इवाई

"ओळखलं का मला?" हा प्रश्न पेशंटला विचारू नये, अशी पाटी थेरपिस्ट सोनिया मॅडमनी अप्पारावांच्या खाटेवर लावली होती. पाटी मोठी होती, अक्षर ठळक होतं. त्यांच्या गावाहून, देवगाव रंगारीहून, आलेला प्रत्येक माणूस ती मोठ्यानं वाचायचा, पसंतीची मान हलवायचा आणि मग अप्पारावांच्या तोंडाशी वाकून विचारायचा, "अप्पा, वळखलं का मला?"

झालं होतं असं, की शेळीसाठी लिंबाचा पाला तोडायला अप्पाराव वयाच्या चौसष्टाव्या वर्षी झाडावर चढले आणि पाल्याच्या आधी स्वतःच खाली आले. डोक्याला जबर मार लागला. ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि पुढच्या उपचारांसाठी त्यांना चिकलठाण्याच्या एका पुनर्वसन केंद्रात ठेवलं. सुरुवातीला ते बायकोला, म्हणजे चंपाबाईंना, 'सिस्टर' म्हणायचे. दोन महिन्यांनी आता ते चालत होते, आपल्या हातानं जेवत होते. फक्त नावं वेळेवर सापडत नव्हती. माणूस समोर आला की नाव ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच बसून राहायचं.

चंपाबाईंना ते आता 'अगं' म्हणू लागले होते. पण 'अगं' तर ते लग्न झाल्यापासून म्हणत आले होते, तेव्हा ओळखून म्हणतात की सवयीनं, हे कळायला काही मार्ग नव्हता. चंपाबाईंनी विचारलंही नाही. सगळा गाव विचारत होता, त्या एकट्या विचारत नव्हत्या. उत्तराची भीती वाटायची त्यांना.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "महिनाअखेरच्या शुक्रवारी तपासणी करू. स्मरणशक्ती ठीक वाटली तर घरी. नाहीतर अजून दोन महिने इथंच."

अजून दोन महिने चंपाबाईंना परवडणारे नव्हते. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांची कंबर गेली होती, शेळी तिकडं शेजाऱ्याच्या दारात ओरडत होती, आणि मुख्य म्हणजे नवरा आपल्या घरी, आपल्या अंगणात बसलेला त्यांना बघायचा होता. बाकी काही नको होतं.

अशात एका रविवारी गावाहून जीप भरून माणसं आली.

सगळ्यात पुढं सांडू. सांडू म्हणजे शेताचा शेजारी. वीस वर्षं बांधावरून भांडण, आणि आता मात्र डोळ्यांत पाणी. तो वाकला, "अप्पा, वळखलं का?"

अप्पारावांनी निमिषभर पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सांड्या, भाड्या, बांध कोरून आला का पुन्हा?"

सांडूला हुंदकाच फुटला. "मला शिवी दिली! नावानिशी दिली! आवं चंपाबाई, आमचा अप्पा बरा झाला हो!"

त्याच्या मागं होते कडूबा. लेक सुलेखाचे सासरे, म्हणजे व्याही. गावाकडच्या बोलीत इवाई. रुसण्यात या माणसाचा हात तालुक्यात कुणी धरला नसता. सुलेखाच्या लग्नात फेट्याचा रंग चुकला म्हणून ते मांडवामागं तीन तास पाठ फिरवून बसले होते, आणि अप्पारावांना तेवढा वेळ हात जोडून उभं ठेवूनच उठले होते. आता सांडूचा मान पाहून कडूबांनी टोपी नीट केली, मिशीवरून हात फिरवला आणि समोर उभे राहिले.

"बोला इवाई. कोन मी?"

अप्पारावांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. "बसा की, पाव्हणं."

"पाव्हणं तर कोन्हाला बी म्हंत्यात. नाव सांगा."

अप्पारावांचा चेहरा एकदम उजळला. "तुमी ते लाईटबिल वाटायला येता, तेच ना?"

कडूबा सरळ बाहेर जाऊन जीपमध्ये बसले. चहा नेला, घेतला नाही. पाणी नेलं, घेतलं नाही. अप्पारावांचा मुलगा सुयश हातापाया पडायला गेला, तर म्हणाले, "बांध कोरनारा वळखू येतो आन् इवाई वळखू येत नाय? डोक्याला मार लागला म्हनून मान राखायचा नाय व्हय?"

संध्याकाळी सुलेखाचा फोन आला. "आई, सासरे जेवले नाहीत गं. कुणी काही विचारलं की म्हणतात, लाईटबिलवाल्याला काय विचारता? मला घरात तोंड दाखवायची चोरी झालीय."

आणि एवढ्यावर भागलं नाही. सांडू गावात छाती काढून फिरू लागला. 'अप्पानं मला वळखलं' हे तो पारावर रोज दोनदा सांगायचा. मग बाकीच्यांच्या जिवाला चैन पडेना. सांडूला ओळखतो आणि मला नाही? ओळखणं हा आता आजाराचा नाही, मानपानाचा प्रश्न झाला. सरपंच काकासाहेबांचा निरोप आला की ते जातीनं येणार आहेत. चंपाबाईंचा भाऊ रामकिसन तर म्हणाला, "दाजींनी मला वळखलं नाय ना ताई, तर माझं गावात राहणं मुश्कील हाये."

चंपाबाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी दार लावून घेतलं.

"घरी जायचं ना तुमाला?"

"जायचं की."

"मंग नीट ऐका. कोनी बी आलं आन् वळखलं का म्हनलं, की गडबडायचं नाय. माझ्याकडं बघायचं. मी डोक्यावर पदर घेतला की इवाई. इवायासमोर मी पदर घेतेच, कोन्हाला संशय यायचा नाय. बांगड्या वर सारल्या की सांडू."

"भांडायला?"

"व्हय. डब्याचं झाकण उघडलं की रामकिसन."

"खायला," अप्पाराव म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी गालात हसले.

खुर्चीतून उठून उभं राहिलं की सरपंच, नाकाला बोट लावलं की तपकीरवाले मास्तर, अशा करत करत अकरा खुणा ठरल्या. सोनिया मॅडम व्यायाम घेऊन गेल्या की यांची उजळणी सुरू. जेवताना चंपाबाई मध्येच बांगड्या सारायच्या, अप्पाराव घास तसाच ठेवून म्हणायचे, "सांडू." गोळ्या देताना नाकाला बोट, की "मास्तर." चुकले की पुन्हा. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ झाला. पाचव्या दिवशी एकही चूक नाही.

पुढच्या रविवारी कमाल झाली. जीपभर माणसं आली आणि एकूण एक ओळखली गेली. काकासाहेब तर इतके खूश झाले की त्यांनी पाटीवर हात ठेवून फोटो काढला. ही बातमी रुसलेल्या कडूबांपर्यंत पोचली. दोन दिवस त्यांनी दम धरला. मग सुनेला म्हणाले, "तुझी लई इच्छा असंल तर शुक्रवारी जाऊन येऊ." सुलेखानं तोंडातून शब्दही काढला नव्हता, पण ती "बरं" म्हणाली.

शुक्रवार उजाडला. डॉक्टर टेबलामागं बसले, सोनिया मॅडमच्या हातात चित्रांची कार्डं. चंपाबाईंना कोपऱ्यात खुर्ची दिली होती. बजावलं होतं, "आजी, तुम्ही काही बोलायचं नाही हं." त्या कशाला बोलतात? त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या.

"आजोबा, हे ओळखा," सोनिया मॅडमनी कार्ड धरलं.

आणि इथंच घोटाळा झाला. 'ओळखा' हा शब्द कानावर पडला की आधी बायकोकडं बघायचं, हे अप्पारावांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती गप्प बसलेली. मग त्यांनी कार्डाकडं पाहिलं. "कुलूप."

"शाब्बास! आता हे?"

पुन्हा बायकोकडं नजर, मग कार्डाकडं. "छत्री."

चंपाबाईंचा हात मांडीवरच्या डब्यावर होता. घाबरलेल्या माणसाला हाताशी काहीतरी चाळा लागतोच. झाकण खटकन उघडलं.

"हे काय आहे, आजोबा?"

"रामकिसन."

सोनिया मॅडमनी कार्ड उलटून पाहिलं. केळी होती. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते लिहिणं पाहून चंपाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: झाकण आपणच उघडलं होतं. त्यांनी डबा खाली ठेवला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि दगडासारख्या बसल्या. आता हलायचं म्हणून नाही.

तेवढ्यात एक माशी आली.

ती आधी चंपाबाईंच्या गालावर बसली. त्यांनी गाल फुगवला. मग नाकावर बसली. त्यांनी खालचा ओठ पुढं काढून फूफू केलं. माशी उठली आणि कपाळावर जाऊन निवांत फिरायला लागली. इकडं सोनिया मॅडमनी पुढचं कार्ड काढलं, तिकडं दार उघडून पेरूंची पिशवी घेतलेले कडूबा आणि सुलेखा आत आले, आणि चंपाबाईंचा धीर सुटला. एक हात मांडीखालून निघाला आणि पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला गेला.

"हे ओळखा, आजोबा."

"इवाई!" अप्पाराव ठामपणे म्हणाले.

कडूबांचा चेहरा असा फुलला, की काय सांगावं. "वळखलं! बघितलं का सूनबाई, दारातूनच वळखलं!" असं म्हणत ते पुढं झाले आणि त्यांना सोनिया मॅडमच्या हातातलं कार्ड दिसलं.

कार्डावर म्हैस होती. चांगली दुभती, शिंगं वळलेली.

कडूबांनी म्हशीकडं पाहिलं, अप्पारावांकडं पाहिलं आणि पेरूंची पिशवी पुन्हा काखेत मारली. "चला सूनबाई. लाईटबिलवाला होतो ते बरं होतं."

डॉक्टरांनी पेन उचललं. ते पाहून चंपाबाई खुर्चीतून उठल्या आणि हात जोडून रडायलाच लागल्या. "डॉक्टरसाहेब, त्यांची काय चूक नाय हो! मीच शिकवलं समदं. लोक रुसायले म्हनून खुणा ठरवल्या. माझ्यामुळं त्यांना हितं ठेवू नका. मला शिक्षा करा, त्यांना घरी जाऊ द्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कसल्या खुणा?"

चंपाबाईंनी नाक ओढत सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"सांडू," अप्पाराव म्हणाले.

डॉक्टरांनी नाकाला बोट लावलं.

"मास्तर."

डॉक्टर उठून उभे राहिले. "काकासाहेब! बसा, सरपंच," अप्पाराव म्हणाले. अकराच्या अकरा खुणा झाल्या. एकही चुकली नाही.

"सोनिया," डॉक्टर हसू आवरत म्हणाले, "आपण यांच्याकडून पाच शब्द पाठ करून घ्यायला महिनाभर झटतोय. आजींनी आठवड्यात अकरा खुणा अकरा नावांसकट बसवल्या. उद्या डिस्चार्ज द्या. आणि आजींना विचारा, नोकरी करतात का इथं."

आता राहिले कडूबा. ते दाराकडं तोंड करून उभे होते. डॉक्टर त्यांच्याजवळ गेले. "आजोबा, या अकरांत आजींनी सगळ्यात पहिली खूण कुणाची शिकवली, माहितेय? तुमची."

कडूबांची मान थोडी वळली. "पैली?"

"पैली," चंपाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"सांडूच्या आधी?"

"आधी. तुमच्यानंतर सांडू."

कडूबांनी पिशवी टेबलावर ठेवली. "मंग चहा सांगा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुयशनं गाडी काढली. मागच्या सीटवर अप्पाराव आणि चंपाबाई. शहर मागं पडल्यावर चंपाबाई हळूच म्हणाल्या, "केळाला रामकिसन म्हनलात, तिथंच माझा जीव गेला व्हता."

"ते खरंच चुकलो बघ. झाकण उघडलं आन् तोंडातून निघून गेलं."

"आन् म्हशीला? मी माशीमुळं पदर घेतला हो."

"माशी?" अप्पाराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ती मला कवाची दिसत व्हती. तू फूफू केलंस तवापासून."

चंपाबाईंनी आ वासला. "म्हंजी तुमाला ठाऊक व्हतं?"

"फेट्यापायी तीन तास हात जोडून हुभा केला मला. लेकीचा सासरा, बोलता येत न्हवतं. आता डोक्याला मार लागल्यालाय, कोन काय म्हननार?"

पुढं सुयशच्या हातातलं स्टिअरिंग हसण्यानं हलायला लागलं. चंपाबाईही हसल्या. आणि हसता हसता दोन महिने न विचारलेलं त्यांनी विचारलं.

"अकरा जनांच्या खुणा झाल्या. माझी नव्हती एक बी. मला... वळखलं व्हतं का तुमी?"

अप्पाराव वळले. "येडी का काय? खूण बघायला आधी कोन्हाला हुडकायचो मी?"

चंपाबाईंचे डोळे भरून आले, ते पोराला दिसू नयेत म्हणून त्यांनी पदर डोक्यावरून पार खाली ओढला.

अप्पाराव दचकून मागं वळून बघायला लागले. "अगं, आता हितं कुठं आला इवाई?"