कुणाची बेल कुणाच्या घरी

वासुअण्णा कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नसत. ‘वाजतीय का?’ असं विचारत. अंथरुणाला खिळलेल्या माणसालासुद्धा.

राजाजीनगरातल्या आमच्या वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या कानडी चाळीत, सात बिऱ्हाडं होती. माझं म्हणजे एक खोली. आमच्या घरातून कॉलेजात पोहोचलेला मी पहिलाच, त्यामुळे शहरात काय विचारावं आणि काय नाही, हे मला नीटसं ठाऊक नव्हतं. अण्णा मूळचे निपाणीचे, टेलिफोनच्या कारखान्यात कामाला, एकटेच. मागच्या गल्लीत चोरी झाली, तेव्हा साऱ्या वठाराला चोरघंटा बसवायचं त्यांनी मनावर घेतलं. दार उघडलं की चौकटीतल्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि बेल वाजायची. पण त्या घरात नव्हे, दुसऱ्याच घरी. अण्णांचं म्हणणं, ज्याच्याकडं चोर शिरलाय त्याला बेल ऐकवून काय उपयोग? धावून कोण येईल ते आधी बघायचं, तार नंतर ओढायची.

त्यासाठी महिनाभर त्यांनी माणसं तपासली. लक्ष्मक्का एकट्या राहत, म्हणून त्यांच्या दाराची बेल पैलवान रामण्णाच्या स्वयंपाकघरात बसवली, कारण रामण्णा बहुतेक तिथंच सापडे. घरमालक नंजुंडप्पा आणि हेडमास्तर यांचं नळावरून वर्षभर बोलणं बंद होतं. अण्णांनी नेमकी त्यांची दारं एकमेकांना जोडली. म्हणाले, “भांडलेल्या माणसाचं लक्ष असतंय.”

रविवारी सकाळी चाचणी ठरली. अण्णांनी अंगणात सगळ्यांना कन्नडमध्ये समजावलं, दारं लावून घ्यायला सांगितलं, सगळ्या बेली चालू करायचं बटण दाबलं आणि लांबूनच मला मराठीत विचारलं, कळलं का? मी अडाणी दिसू नये म्हणून जोरात ओरडलो, “कळलं, कळलं!”

कन्नडमध्ये कळ्ळ म्हणजे चोर. हे मला कळलं तोवर रामण्णा लाटणं घेऊन बाहेर पडला होता. मग सगळी दारं उघडली आणि सगळ्या बेली एकदम वाजू लागल्या. कोण कुणाकडं धावतंय याचा पत्ता नाही. विजेचा मीटर बघायला आलेला माणूस तेवढा हाती लागला. हेडमास्तरांनी त्याचे हात धरले, नंजुंडप्पांनी पाय. त्याला शांत करायला दोन वेळा कॉफी द्यावी लागली.

संध्याकाळच्या आत सगळ्या तारा काढा, असं नंजुंडप्पांनी सांगितलं. अण्णा फक्त “सरी”, म्हणजे ‘बरं’, म्हणाले आणि पक्कड आणायला गेले. त्यांचा चेहरा मला बघवेना. चूक माझी, हे मोडक्या कन्नडमध्ये सांगत मी दारोदार फिरलो. ते कुणाला समजलं, देव जाणे.

पक्कड पहिल्यांदा लक्ष्मक्कांच्या दाराशी आली. त्या आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इथं राहायला आल्यापासून आज पहिल्यांदा माझ्या दाराशी तीन माणसं धावत आली. माझी तार तोडायची नाही.

नंजुंडप्पांनी हेडमास्तरांकडं पाहिलं. मग खाकरून म्हणाले की स्वल्प दिवस राहू देत.

अण्णा लगेच कागद घेऊन बसले आणि कुणाची बेल कुणाकडं, ते पुन्हा लिहू लागले. मी वाकून वाचलं. त्यांचंच दार त्यात नव्हतं. मी भीतभीत विचारलं.

“माझ्याकडं कोण येतंय रे धावून?” ते मान वर न करता म्हणाले.

माझ्या खोलीत ओढा, असं मी म्हणालो. ते तारेचं भेंडोळं शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघतोय तोच माझ्या खोलीतली नवी बेल वाजली. एक चप्पल पायात, एक हातात, असा मी धावलो. अण्णा उघड्या दारात उभे होते. आत सगळं जागच्या जागी होतं.

“काही नाही,” ते म्हणाले. “येतोस का, तेवढंच बघितलं.”