ताब्यातली चावी, हवेतलं विमान

सावधपणाचं एखादं बक्षीस असतं ना, तर ते दरवर्षी मलाच मिळालं असतं आणि मी ते लगेच कुलपात ठेवलं असतं! मी बँकेत आहे. आमच्या शाखेची तिजोरी दोन चाव्यांनी उघडते. एक चावी साहेबांकडे, दुसरी माझ्याकडे. रोज सकाळी आम्ही दोघं तिजोरीपुढे खांद्याला खांदा लावून उभे राहतो, आपापली चावी लावतो आणि फिरवतो. एकट्यादुकट्याचं ते काम नाही. माझी चावी चांगली बोटभर लांब, पोलादी आणि वजनदार आहे. ती मी दोरीत ओवून गळ्यात घालतो आणि अंघोळीलासुद्धा काढत नाही. बायको म्हणते, "तिच्याशीच संसार करायचा होतात, मला कशाला मध्ये आणलंत?"

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे जे घडलं ते एखाद्या वेंधळ्याच्या हातून घडलेलं नाही. माझ्या हातून घडलंय! मी अजून त्या धक्क्यातून सावरलेलो नाही.

सुरुवात डॉक्टरांनी केली. माझा रक्तदाब मोजून ते म्हणाले, "डोक्याला ताप होणार नाही असा एखादा छंद लावून घ्या." मी त्याच संध्याकाळी रिमोटवर उडणारं विमान घ्यायला दुकानात हजर झालो. लहानपणापासून मनात होतं, आता तर डॉक्टरांची चिठ्ठीच मिळाली!

दुकानदाराने चाकांचं एक लहानसं विमान काढून दाखवलं. "नवशिक्यांना मी हेच देतो."

नवशिक्या! मला!

"अहो, पण हे उतरवायचं कुठे?" मी विचारलं. "मैदानात पोरं, रस्त्यावर गाड्या, गच्चीवर वाळत घातलेले कपडे. हे विमान नव्हे, हे तर भांडणाला आमंत्रण!"

तेवढ्यात छताला टांगलेलं ते मला दिसलं. पिवळंधमक, आणि चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांब फ्लोट! पाण्यावरून उडणारं, पाण्यावरच उतरणारं. मी दुकानदाराला समजावलं, "बघा, तळं मोकळं असतं, पाणी मऊ असतं, आणि पडलं तरी हे तरंगणारच. यात धोका आहे कुठे?"

दुकानदाराने विमानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिडी आणली.

खोकं दारातून आडवं जाईना, म्हणून आम्ही ते उभं करून आत घेत होतो. समोरच्या काकूंनी दार उघडलं, खोक्याची लांबी बघितली आणि तोंडावर हातच ठेवला. "अगं बाई! कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही काकू, आलंय!" मी म्हणालो. त्यांचा काही विश्वास बसलेला दिसला नाही.

घरात ठेवायचं कुठे, हा प्रश्न दुकानात सुचला नव्हता. कपाटावर पंख मावेनात, पलंगाखाली फ्लोट मावेनात. शेवटी आईच्या खोलीत छताच्या हुकाला ते टांगलं. दुसऱ्याच दिवशी आईने तक्रार केली, "अरे, दुपारी डोळा उघडला की मला वाटतं, मला न्यायलाच आलंय! आधी ते हलव बघू!" म्हणून ते जेवणाच्या टेबलावर आलं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. एका संध्याकाळी मी मोटर तपासायला म्हणून रिमोटची कांडी जरा, अगदी जराशीच पुढे ढकलली. घुंईं! पडदा पात्यात गेला, पडद्याबरोबर दांडी आली, दांडीबरोबर भिंतीचा भलामोठा पोपडा आला.

"डोक्याला ताप होणार नाही असा छंद, असंच म्हणाले ना डॉक्टर?" बायकोने विचारलं.

"त्याच्या डोक्याला गं," आई म्हणाली. "आपल्या डोक्यांबद्दल कुठे बोलले ते?"

रविवारी सकाळी मी आणि बायको तळ्यावर पोचलो. काठावर बाक, मागे फिरायला येणाऱ्यांची वाट, आणि धक्क्याला बदकाच्या आकाराच्या, पायाने चालवायच्या बोटी. पाणी शांत होतं. मी विमान जोडलं आणि तोल बघायला पंखांखाली दोन बोटं धरून उचललं. विमान आडवं राहायला हवं होतं. त्याने मागे शेपूट टाकली आणि नाक आकाशाकडे केलं.

"नाक हलकं आहे," मी म्हणालो. "दुकानदाराने शिशाचे तुकडे दिले होते, ते नाकात घालायचे. पिशवीत बघ गं."

पिशवीत ते नव्हते. आईने ते खिडकीत वर्तमानपत्रावर ठेवले होते, पानं उडू नयेत म्हणून! मग आम्ही शोधाशोध सुरू केली. बायकोचं चष्म्याचं घर घालून बघितलं, ते हलकं पडलं. दगड बसेना. पाण्याच्या बाटलीचं झाकण घालून बघितलं, ते तर हास्यास्पदच होतं. मी खाली वाकलो, आणि गळ्यातली चावी माझ्या हनुवटीवर टक्कन आपटली.

मी चावीकडे बघितलं. मग विमानाकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं.

"अहो! भलतंच काय!"

"एकच फेरी!"

"ती तिजोरीची चावी आहे! अंगावेगळी करायची नाही असा नियम आहे ना तुमचा?"

"नियम ताब्याचा आहे," मी म्हणालो. "चावी माझ्या ताब्यात हवी. आता बघ, चावी विमानात, विमान रिमोटच्या ताब्यात, रिमोट माझ्या ताब्यात. म्हणजे चावी कुणाच्या ताब्यात?"

बायको काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याला मी होकार समजतो, ही माझी जुनी सवय आहे.

चावी नाकातल्या कप्प्यात चिकटपट्टीने बसवली आणि काय सांगू! दोन बोटांवर विमान असं आडवं राहिलं, जणू ती चावी त्याच्यासाठीच घडवली होती. मी ते पाण्यावर ठेवलं, कांडी पुढे केली. पाणी चिरत ते सुसाट धावलं, फ्लोट सुटले, आणि ते उडालं! अहो, खरोखर उडालं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. मी एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. या वयात मला एवढा आनंद होईल, असं वाटलं नव्हतं.

"अरे वा! तुम्ही इथे कसे?"

मागून आवाज आला आणि मी गर्रकन वळलो. साहेब! कॅनव्हासचे बूट घातलेले, हातात काठी, आणि कमरपट्ट्याला साखळीने अडकवलेली त्यांची ती चावी. आमच्या साहेबांना सगळी बँक मागून 'कलमसाहेब' म्हणते, कारण शिंक आली तरी ते कोणत्या कलमाखाली आली ते सांगतात.

आता आमच्या शाखेत एक शिस्त आहे. साहेब टेबलापाशी आले, की हातातलं काम खाली ठेवायचं आणि उभं राहायचं. माझ्या अंगात ती इतकी भिनली आहे, की मी हातातला रिमोट बाकावर अगदी व्यवस्थित, काटकोनात ठेवला, आणि ताठ उभा राहिलो. "गुड मॉर्निंग, साहेब!"

"अहो, विमान!" बायको किंचाळली.

विमान होतं त्याच वेगाने सरळ निघालं होतं. पलीकडच्या काठाकडे! मी रिमोटवर झडप घातली आणि घाबरून कांडी पूर्ण मागे ओढली. मोटर बंद पडली. हवेतच! विमान क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि तळ्याच्या मध्यावर, शेवाळाच्या पट्ट्यात, नाकावर आपटलं. पिवळी शेपूट वर राहिली. नाक पाण्याखाली गेलं. आणि नाकात काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे!



"अरेरे," साहेब म्हणाले. "जाऊ द्या, खेळणंच ते. बरं झालं भेटलात. उद्या उघडल्या उघडल्या तपासणीला माणसं येणार आहेत. पहिल्यांदा तिजोरीच बघणार. चावी आहे ना नीट?"

"आहे साहेब!" माझी बोबडी वळली. "अगदी... अगदी थंड जागी आहे."

दुसरी चावी मागवायची म्हणजे मुख्य कचेरीत अर्ज, खुलासा, आणि खुलाशात काय लिहिणार? 'सदर चावी उडाली'? एवढ्या वर्षांची नोकरी, आणि ती शेपटीसकट माझ्या डोळ्यांसमोर बुडत होती! एका फ्लोटला तडा गेला असावा, कारण शेपूट हळूहळू आखूड होत चालली होती.

मी धक्क्याकडे धावलो. "बोट द्या! लवकर!"

"एकटा माणूस बसला की बदक कलंडतं," बोटवाला शांतपणे म्हणाला. "दोघं लागतात."

मी बायकोकडे वळलो. ती आमचं सामान सांभाळत अजून बाकाशीच होती. तेवढ्यात माझ्या बाजूने साहेब बदकात शिरलेसुद्धा! "चला, मी येतो. व्यायामच होईल."

एका पोलादी तिजोरीपुढे खांद्याला खांदा लावून उभे राहणारे आम्ही दोघं, आता एका प्लास्टिकच्या बदकात गुडघ्याला गुडघा लावून पायडल मारत होतो. मी जीव तोडून मारत होतो, साहेब बेतशीर मारत होते, त्यामुळे बदक गोल गोल फिरत होतं.

"एका लयीत मारा हो!" साहेब ओरडले. "एका खेळण्यासाठी इतका घाम?"

"भावना गुंतल्यात, साहेब!"

आम्ही पोचलो तेव्हा शेपटीचं टोकच काय ते वर होतं. मी हात लांब केला, पण साहेबांचा हात माझ्यापेक्षा लांब. त्यांनी शेपूट धरली, झटक्यात विमान वर ओढलं, शेपटीचा एक तुकडा मोडला, नाकातला कप्पा उघडला, आणि चिकटपट्टीसकट माझी चावी थेट साहेबांच्या मांडीवर पडली.

साहेबांनी ती उचलली. तिच्यावरचा क्रमांक वाचला. आपल्या कमरेच्या चावीकडे बघितलं. मग पुन्हा हातातल्या चावीकडे. बदकसुद्धा फिरायचं थांबलं होतं.

"ही..."

"हो, साहेब."

"विमानात?"

"हो, साहेब."

"हवेत?"

"फक्त दोन फेऱ्या, साहेब." मी रडकुंडीला आलो होतो. "पण रिमोट माझ्या ताब्यात होता! म्हणजे चावी... कलमात 'अंगावर' असं कुठे म्हटलंय? 'ताब्यात' म्हटलंय!"

साहेबांनी डोळे मिटले. कलम आठवत असावेत. माझी नोकरी त्या मिटलेल्या पापण्यांमागे लटकत होती.

"चावीच का?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाक हलकं होतं, साहेब."

"आणि चावीने?"

"अगदी काट्यावर तोललं."

साहेबांनी बदक काठाकडे वळवलं. मी पायडल मारता मारता मनात खुलाशाचा मसुदा तयार करत होतो. काठावर उतरलो. बायको माझा चेहरा बघून पांढरी पडली. साहेबांनी विमान बाकावर ठेवलं, घसा साफ केला, आणि मी ताठ उभा राहिलो.

"मोटर चालते का बघा," साहेब म्हणाले.

"काय?"

"पाण्यात पडलेली वस्तू परत वापरण्यापूर्वी तपासली पाहिजे. तपासा!"

मी पाणी झटकलं, बायकोने पदराने पुसलं, कांडी ढकलली. घुंईं! साहेबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी एवढ्या वर्षांच्या नोकरीत बघितलं नव्हतं. मला वाटलं, यांना झटका आला!

"लहानपणी मला असलं विमान हवं होतं," ते हळूच म्हणाले. "वडील म्हणाले, आधी अभ्यास. मग म्हणाले, आधी नोकरी. मग ते गेले, आणि मला कुणी काही म्हणालंच नाही." त्यांनी हात पुढे केला. "रिमोट द्या."

नाही म्हणायची माझी काय बिशाद! शेपटीचा मोडका तुकडा आम्ही बोटवाल्याकडच्या जाडजूड चिकटपट्टीने जोडला. फ्लोटचा तडाही तिनेच बुजवला. पट्टी सढळ हाताने लावली गेली, कारण ती साहेब लावत होते. चावी परत नाकात बसवली. मग साहेबांनी पंखांखाली दोन बोटं धरली आणि विमान उचललं.

विमानाने शेपूट खाली टाकली.

"पट्टीचं वजन झालं, साहेब," मी म्हणालो. "एक चावी आता पुरत नाही. राहू द्या, पुढच्या रविवारी शिशाचे तुकडे..."

साहेबांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग त्यांचा हात कमरेकडे गेला, आणि साखळीचा आकडा उघडल्याचा आवाज मी माझ्या या कानांनी ऐकला.

"साहेब! दोन्ही चाव्या एकत्र? कलम..."

"नियम ताब्याचा आहे," साहेब म्हणाले.

विमान आत्ता तळ्यावर आहे. चांगलं उंच आहे. साहेब खिदळताहेत, मी हे काठावरच्या बाकावर बसून लिहितोय, आणि बायकोने केव्हाच डोळे घट्ट मिटून घेतलेत. तुमचं खातं आमच्या शाखेत असेल, तर काळजीचं काहीच कारण नाही. बॅटरी मी स्वतः चार्ज केली होती. काल.