आण्णांचा रकाना

आमच्या शाहूपुरीतल्या दवाखान्यात केसपेपर लिहायला आण्णा बसतात. अक्षर मोत्यासारखं, पण 'रुग्णाशी नाते' या रकान्यात सोबत आलेल्या सगळ्यांना एकच शब्द: 'घरचा'. बाई असेल तर 'घरची'. गडमुडशिंगीचा एक रिक्षावाला दर आठवड्याला कोणी ना कोणी पेशंट घेऊन येतो. "आण्णा, मी नुसतं भाडं आणलंय की!" "भाडं असंल. आत चल, घरचा हैस तू." डॉक्टरांनी एकदा कागद चाळले, तर तो बाबा सतरा कुटुंबांत घरचा! डॉक्टर तापले. आण्णांनी शांतपणे पेनात शाई भरली.

मागे एकदा दोन तरुण आले. एक तापाने फणफणलेला, दुसऱ्याने त्याला सावरून धरलेलं. कोणी विचारायच्या आधीच दुसरा "मित्र... म्हणजे..." करत अडखळला. बाकावर खसखस पिकली. आण्णा कडाडले, "दात काढायचं असलं तर दाताचा डाक्टर पलीकडच्या गल्लीत हाय!" मग त्याला हळूच म्हणाले, "मित्र न्हाय लिवायचं. कदीच न्हाय. जा, आत त्याच्याजवळ बस."

हे आण्णा पूर्वी असे नव्हते. नव्वदच्या दशकात मी इथे नवी नर्स होते, तेव्हा गडहिंग्लजहून आलेला हा माणूस नियमाचा पक्का होता. सख्खा की चुलत, हे पटल्याशिवाय कोणाला आत सोडायचा नाही. आयसीयूच्या दारावरची 'फक्त नातेवाईकांना प्रवेश' ही पाटी त्यांनीच रंगवली.

ते आणि बापू वीस वर्षं एका खोलीत राहिले. बापू दुपारचा डबा घेऊन यायचे आणि जाताना आण्णांच्या कॉलरचं बटण लावून जायचे. नवराबायकोत असतं तेच त्या दोघांत होतं. आम्हा सगळ्यांना ते कळत होतं, आणि आम्ही पाठीमागे हसायचो. मीसुद्धा.

बापूंना हार्ट अटॅक आला, तेव्हा इथेच आणलं. केसपेपर आण्णांनी स्वतः लिहिला. नात्याच्या रकान्यात, त्याच सुंदर अक्षरात, 'मित्र'. खोटं लिहायची सवय नव्हती आणि खरं लिहायला शब्द नव्हता. दारात मी उभी होते. "आण्णा, फक्त नातेवाईक. पाटी तुमचीच हाय की." दहा वर्षं बापूंचं तोंडही न बघितलेला पुतण्या आत गेला. आण्णा बाहेर बाकावर बसून राहिले. बापू गेल्याचं त्यांना त्या पुतण्याने सांगितलं.

नियम पाळल्याबद्दल मला कोणी बोललं नाही. आण्णाही बोलले नाहीत. ते मला अजून डाचतं.

गेल्या वर्षी छातीत कळ येऊन आण्णाच दाखल झाले. सोबत कोणी नाही. केसपेपर मी लिहिला; माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नात्याच्या रकान्यात 'घरची' लिहिलं, खाली सही केली आणि कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्म्याशिवायच वाचला.

"लई उशिरा लिवलासा, सिस्टर," म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.