बोरसे सरांचे मुके शेजारी

बोरसे सर नव्या माणसाचं नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "शेजारी कोण राहतं?"

सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मी रुजू झाले त्या दिवशी मलाही तेच विचारलं. मी म्हटलं, "एका बाजूला साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या बेन, दुसऱ्या बाजूला जिना."

"जिनाही धरायचा," सर गंभीरपणे म्हणाले. "पावलं वाजतात. माणसाच्या झोपेवर परिणाम होतो."

सर रेणूंचं गणित करतात. रंगाचा रेणू कोणता प्रकाश शोषेल, म्हणजे आपल्या डोळ्यांना कोणता रंग दिसेल, हे कम्प्युटरवर आधीच काढायचं. सर म्हणतात, पोकळीतल्या एकट्या रेणूचं गणित सोपं आणि खोटं. तो पाण्यात किंवा धाग्यात शिरला की आजूबाजूचे रेणू त्याचे इलेक्ट्रॉन ओढतात, आणि रंग सरकतो. हे समजावायला एकदा त्यांनी कँटीनमध्ये मला मधे उभं केलं आणि भोवती दोन ड्रायव्हर नि स्टोअरचे भगुभाई. "ही तिरकी झाली, आता तुम्ही तिरके व्हा. तुम्ही झालात, आता ही आणखी तिरकी!" भगुभाईंच्या कपातला चहा त्यांच्याच शर्टावर गेला. सर म्हणाले, "बघा, परिणाम!"

गेल्या उन्हाळ्यात मात्र कोणी हसलं नाही. पॉलिएस्टरसाठी नवा निळा रंग केला होता. सरांच्या गणितात निळा, बाटलीतल्या द्रावणातही निळा. घाई होती, म्हणून आम्ही छोट्या तुकड्यावर न रंगवता थेट मशीनवर घेतला. कापड जांभळं निघालं.

मशीन सुकलालच्या हातात होतं. अठरा वर्षं इथेच काम केलेला जुना माणूस. मॅनेजर जिग्नेशभाईंनी तपासही केला नाही. "टेंपरेचर चुकवलं असणार. चार वाजता ऑफिसमध्ये या. चूक कबूल केल्याचा कागद तयार आहे, सही करा आणि घरी जा."

सर सकाळपासून कम्प्युटरसमोर होते. अडीचच्या सुमारास मला हाक आली. सरांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, मी शेजारी घेतले होते. पण मुके घेतले."

"म्हणजे?"

"धाग्याचे रेणू जागच्या जागी गोठवून ठेवले. ते रंगाला ओढतात एवढंच धरलं. रंग त्यांना ओढतो, मग ते उलटून पुन्हा रंगाला ओढतात, हे सोडून दिलं. वेळ वाचवायला. आता सगळं धरून पुन्हा लावलंय."

पडद्यावर गणिताच्या दर फेरीला एक आकडा उमटत होता. खाली, वर, पुन्हा खाली. स्थिरावतच नव्हता.

पावणेचारला सर म्हणाले, "तुम्ही पुढे जा. काहीही करा, त्याला सही करू देऊ नका."

ऑफिसमध्ये सुकलाल उभा होता, टोपी हातात. मी टेंपरेचरची नोंदवही मागितली. मग त्याआधीच्या दिवसाची मागितली. मग पाणी. जिग्नेशभाई वैतागून खुर्चीकडे बोट दाखवत म्हणाले, "बेन, तमे बेसो ने! सुकलाल, कर सही."

सुकलालने पेन उचललं. माझ्या तोंडून नुसतं "थांबा" निघालं.

दार उघडलं. सर अनवाणी होते. प्रयोगशाळेतल्या चपला काढून घाईत तसेच जिने चढून आले होते. हातात एकच कागद.

"स्थिरावला," ते धापा टाकत म्हणाले. "जांभळा. धाग्यात हा रेणू जांभळाच दिसणार. कोणीही रंगवा."

"पण तुमचाच रिपोर्ट निळा म्हणतो!"

"माझा रिपोर्ट चूक होता." सरांनी टेबलावरचा कागद ओढला, सुकलालचं नाव खोडलं, आपलं लिहिलं आणि खाली सही केली.

जिग्नेशभाईंनी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाकडून, स्वतः उभं राहून कापड रंगवून घेतलं. जांभळंच आलं. सुकलाल मशीनवर परतला. प्रयोगशाळेचं प्रमुखपद, जे सरांना मिळणार होतं, ते दुसऱ्याकडे गेलं.

रविवारी दुपारी सुकलालने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. वाटेत सर तीनदा म्हणाले, "मॅडम, बोलायचं तुम्ही. मला लोकांच्या घरी काय बोलायचं कळत नाही."

सुकलालची म्हातारी आई चुलीपाशी बसली होती. सरांकडे निरखून पाहत तिने विचारलं, "कोनता गावना शे रे भाऊ तू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण सर आधीच बोलले. "पारोयाना शे, माय."

खानदेशातल्या पारोळ्याच्या सरांना अहिराणी येते हे कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. मग ते थांबेचनात. विहीर, बाजार, मामाचं गाव. म्हातारी हसत होती. "माय, आखो अर्धी भाकर दे," असं म्हणत त्यांनी चार अर्ध्या खाल्ल्या.

परतताना रिक्षात सर म्हणाले, "आई गेल्यापासून अहिराणी बोललो नव्हतो. सहा वर्षं. घरात बोलणार कोणाशी?"

त्यांची गल्ली आली. रिक्षावाल्याने थांबवून दोनदा विचारलं. सर जागचे हलले नाहीत.

"चालू द्या," ते म्हणाले. "मॅडमना सोडू आधी. मला घाई नाही."